केंद्रावरची बेकायदेशीर सूचना

आता माझ्या हुशारीचं काय वर्णन करू तुमच्यापुढे? तुम्ही हसाल. हसा. पण त्या दिवशी आर्णीच्या कापूस खरेदी केंद्रावर कोणीही हसत नव्हतं, आणि त्याला कारण मी!

ते दिवसच वाईट होते. कापूस घरात पिवळा पडायचा. केंद्र कधी उघडेल न् कधी बंद होईल, पत्ता नाही. आमच्या बाबांची बैलबंडी एकदा भरलेलीच परत आली होती. पुन्हा परतली असती तर त्यांचा धीरच सुटला असता.

मी तेव्हा गावात कम्प्युटर क्लास चालवायचो. केंद्राच्या कम्प्युटरवर असतं ते लिनक्स येणारा तालुक्यात मी एकटाच, असा माझा समज! केंद्रप्रमुख साहेब म्हणाले, "वजनाची पावती, काटापट्टी, छापायचा प्रोग्राम फार हळू चालतो. काही करता येईल?"

न येऊन सांगतो कोणाला! बघा, तयार प्रोग्राम म्हणजे रेडिमेड शर्ट. सोर्स कोड म्हणजे कापड. ते घरी कम्पाइल करायचं, म्हणजे शिवायचं, आणि ऑप्शन देऊन माप सांगायचं: अमुक प्रोसेसरसाठी शिव, तमुक काढून टाक. मी सगळी मापं बरोबर दिली. फक्त माझ्या घरच्या नव्याकोऱ्या मशीनची! केंद्रावरचं मशीन किती म्हातारं आहे, हे डोक्यातच आलं नाही. घरी प्रोग्राम असा पळाला म्हणता! सकाळी खुशीत केंद्रावर नेला, जुना पुसला, नवा बसवला.

बाहेर बंड्यांची रांग, वर आभाळ भरलेलं. त्यात वरिष्ठांची सूचना आलेली: आज खरेदी दुपारपर्यंतच. लोक तापलेले. मी एंटर दाबलं. स्क्रीनवर इंग्रजीत दोनच शब्द आले: इल्लीगल इन्स्ट्रक्शन.

अर्थ एवढाच, की जुन्या प्रोसेसरला नव्या मापाची सूचना कळत नाही. पण शेजारी बसलेल्या वानखडे बाबूंनी त्याचं मराठी केलं, तेही मोठ्यांदा. "बेकायदेशीर सूचना!"

खिडकीशी गजाननकाका उभे होते, आमच्याच गावचे. "काय म्हनते मशीन?"

"बेकायदेशीर सूचना म्हनते."

"पाय बे! म्या म्हनलंच होतं! दुपारपर्यंतची सूचना बेकायदेशीर हाये!"

बातमी रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत मशीनने साहेबांना सस्पेंडही करून टाकलं होतं.

साहेब धावत आले. "अरे, हे काय लिहून आलं?"

इथे तरी गप्प बसावं ना? मी खणखणीत आवाजात सांगितलं, "साहेब, दोष मशीनचा नाही. सूचनाच चुकीची आहे. देणाऱ्याने इथली परिस्थिती पाहिलीच नाही!"

टाळ्या पडल्या हो! दोघं तर मला खांद्यावर घ्यायला निघाले. रांगेतून बाबाही बघत होते.

साहेबांनी वर फोन लावला. गोंगाट तिकडेही ऐकू गेला असावा. फोन ठेवून ते म्हणाले, "शेवटच्या बंडीपर्यंत घ्या म्हणतात."

काय तो जल्लोष! गजाननकाका म्हणाले, "चाल बेटा, चालव आता मशीन."

मी कीबोर्डवरून हात काढून घेतले.

"काहून? काय झालं?"

"चालत नाही, काका. ते सूचना वरची नव्हती. माही होती."

"मंग जुना प्रोग्राम लाव ना!"

"पुसला."

घरी जाऊन पुन्हा कम्पाइल करावं, तर घरी संध्याकाळपर्यंत लोडशेडिंग. एवढी मिळालेली संध्याकाळ मीच वाया घालवणार होतो.

वानखडे बाबूंनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा, कार्बन आणि पेन माझ्यापुढे आपटलं. "लिव. आता तूच मशीन."

लिहिलं. बोटं वाकडी होईपर्यंत काटापट्ट्या लिहिल्या. दिवस मावळताना बाबांचा कापूस काट्यावर चढला. पाऊस आला नव्हता. त्यांची पट्टी लिहून दिली तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं.

मागच्या बंडीवाल्याने त्यांना विचारलं, "हा पोट्टा कोनाचा होय हो? दिवसभर उभं ठेवलं यानं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग पट्टीकडे पाहिलं, घडी करून ती खिशात घातली.

"काय मालूम बा," ते म्हणाले. "अक्षर बरं हाये त्याचं."