कप्प्यातलं ऊन

सासूबाईंच्या गाडीचा हॉर्न वाजेनासा झाला, तिथून हे सगळं सुरू झालं.

गाडी जुनी, दुधी रंगाची, स्टीअरिंगच्या दांड्यालाच गिअर असलेली. सासरे असताना घेतलेली. सासऱ्यांना मी पाहिलेलं नाही. माझी बायको शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हाच ते गेले. त्यानंतर सासूबाई भोपाळात नेहरू नगरच्या त्याच छोट्या घरात राहिल्या, आधी मुलीबरोबर आणि मग एकट्या. गाडी मात्र त्यांनी सोडली नाही. भाजी आणायला, बँकेत, नातेवाइकांच्या लग्नांना, सगळीकडे पदर खोचून त्या स्वतः चालवत जायच्या. गेल्या पावसाळ्यात बाथरूममध्ये त्यांचा पाय घसरला आणि मग बायकोने धोशाच लावला. शेवटी त्या आमच्याकडे कोलार रोडला राहायला यायला तयार झाल्या. अट एकच होती, गाडी बरोबर येईल आणि त्याच ती चालवत आणतील.

हॉर्न बघायला मेकॅनिक आला. तार डॅशबोर्डच्या डावीकडच्या कप्प्यामागून जाते, असं तो म्हणाला. तो कप्पा कित्येक वर्षांत उघडलेला नव्हता. किल्ली फिरायची, पण झाकण जागचं हलायचं नाही. उद्या येतो आणि पटाशी घालून तोडतो, असं सांगून तो गेला. सासूबाईंनी मान हलवली खरी, पण तो गेल्यावरही त्या गाडीच्या दारापाशी उभ्याच राहिल्या.

मी म्हटलं, आई, तोडण्याआधी आपण एकदा बघू या का.

तुम्ही कशाला, हात काळे होतील, असं त्या लगेच म्हणाल्या.

हे आमचं नेहमीचं होतं. मी मूळचा नाशिकचा, नोकरीत बदली होऊन भोपाळला आलो आणि लग्न करून इथलाच झालो. सासूबाई ग्वाल्हेरच्या. त्यांच्या माहेरी जावई म्हणजे कायमचा पाहुणा. इतकी वर्षं झाली तरी पोह्यांची पहिली बशी माझी, वर शेव जास्तीची. मी पाणी घ्यायला उठलो की त्या माझ्याआधी उठायच्या. त्यांचं स्वयंपाकघर मी दारातूनच पाहिलेलं. बोलणं सगळं ‘अहो’ आणि ‘तुम्ही’. त्यांच्या मनात माझ्याबद्दल माया होती, हे मला कळायचं. पण ती माया नेहमी हातात ताट घेऊन उभी असायची, शेजारी बसायची नाही.

त्या दिवशी रविवार होता. बायको तिच्या शाळेच्या कुठल्याशा कार्यक्रमाला गेली होती आणि आम्ही दोघंच सासूबाईंच्या घरी होतो. मी कुलपात तेल सोडलं. झाकणाच्या फटीत त्यांनी आणून दिलेलं पातळ उलथणं घालून पाहिलं. कडा थोडी पुढे यायची आणि कशाला तरी अडून परत जायची. आतून काहीतरी रेटा देत होतं. मी खाली वाकून पाहिलं, तर कप्प्याचं आतलं खोकं नुसत्या जाड पुठ्ठ्याचं होतं आणि मागच्या बाजूला ते सुटलेलं होतं. माझा हात मनगटाशीच अडकला.

“बाजूला व्हा,” सासूबाई म्हणाल्या. “माझा हात लहान आहे.”

मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी पदर खोचला, चष्मा माझ्या हातात दिला आणि सीटवर आडव्या होऊन खालून हात घातला. सत्तरीच्या सासूबाई गाडीत अशा आडव्या, आणि मी त्यांचा चष्मा धरून उभा. कुणी पाहिलं तर काय म्हणेल, असं मला वाटत होतं. त्यांना तसलं काही वाटत असल्याचं दिसलं नाही.

“सलाई आहे काहीतरी,” खालून आवाज आला. जरा वेळाने म्हणाल्या, “आणि ऊन पण आहे.”

मला वाटलं, मागच्या फटीतून उजेड दिसतोय. मी विचारलं, “ऊन? कुठून येतंय?”

“येत नाहीये हो, ठेवलंय!” त्या म्हणाल्या, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या लोकरीला ऊनच म्हणतात, हिंदीसारखं. सलाई म्हणजे विणायची सुई. ती सुई आतून कुलपाच्या जिभेखाली तिरकी अडकून बसली होती. त्यांनी मागून ती ओढली, मी पुढून झाकण ओढलं, आणि ते एकदम खाली पडलं.

आत गाडी पुसायचं एक फडकं होतं. त्याच्यामागे अर्धवट विणलेला स्वेटर दोन सुयांसकट कोंबलेला, मोरपंखी रंगाचा. पाठ काखेपर्यंत झाली होती. सासूबाई उठून बसल्या. त्यांनी चष्मा मागून घेतला, स्वेटर मांडीवर पसरला आणि त्यावरून हात फिरवत राहिल्या.

मग त्या हळूहळू सांगायला लागल्या. सासऱ्यांची नजर अधू होती, त्यामुळे गाडी त्यांना कधीच चालवता आली नाही. तरी त्यांनी हौसेने ती घेतली आणि शेजारी बसून बायकोला शिकवली. स्वतःला येत नसताना शिकवली, हे सांगताना त्यांना हसू आलं. मुलीचा क्लास एम. पी. नगरात असायचा. हिवाळ्यात लवकर अंधारतं म्हणून या तिला सोडायच्या आणि क्लास सुटेपर्यंत गाडीतच थांबायच्या. एकटीला कंटाळा येईल म्हणून सासरेही बरोबर यायचे. त्या त्यांच्यासाठीच स्वेटर विणायच्या, आणि लोकर गुंडाळताना ते दोन्ही हात पुढे धरून बसायचे. क्लासची मुलं जाता-येता बघून हसायची. ते मुलांना मान डोलवून नमस्कार करायचे, कारण हात मोकळे नसायचे.

एक दिवस तो स्वेटर हरवला. त्यांनी घर पालथं घातलं, क्लासच्या फाटकावर विचारलं; गाडीचा कप्पा तर तेव्हापासून उघडतच नव्हता. सासरे म्हणाले, जाऊ दे, पुढच्या थंडीत दुसरा विण. पुढची थंडी यायच्या आत ते गेले.

“यांनीच कोंबलं असणार,” त्या म्हणाल्या. “सारखं आवरायची सवय. आणि मग लक्षात ठेवायचं नाही.”

रागावल्यासारखं म्हणाल्या आणि मग त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत. त्यांच्या पाठीवर हात ठेवावा, इतकी आमची ओळखच नव्हती. मी आत गेलो आणि पहिल्यांदाच त्यांच्या स्वयंपाकघरात चहा केला. साखरेचा डबा सापडायला वेळ लागला, आलं जास्त पडलं. त्यांनी सबंध कप संपवला.

कप खाली ठेवून त्या स्वेटर उलटसुलट करून बघायला लागल्या. एके ठिकाणी कसर लागली होती, पण बाकी लोकर चांगली होती. त्यांनी टोक शोधलं आणि उसवायला सुरुवात केली.

“हात पुढे कर,” त्या म्हणाल्या. “असे नाही रे, जरा लांब धर.”

मी हात धरले. त्यांच्या बोलण्यातला बदल त्यांच्या लक्षात आला नव्हता, आणि मीही तो दाखवला नाही. ओसरीत आम्ही समोरासमोर बसलो होतो. कुरळी झालेली लोकर माझ्या हातांभोवती फिरत होती. नाक खाजलं तरी हलायची सोय नव्हती. मध्येच एक धागा तुटला, त्यांनी गाठ मारली आणि सासऱ्यांना ढोबळी मिरची किती आवडायची ते सांगायला लागल्या. मी इतकी वर्षं त्या घरात जेवलो होतो, पण त्या माणसाबद्दल एवढं कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी बायको आली. लोकरीच्या लडी धुऊन दोरीवर वाळत घातल्या होत्या. ती तशीच पर्स खांद्यावर घेऊन दोरीपाशी थांबली.

“ही बाबांच्या त्या स्वेटरची लोकर?” तिने विचारलं. मग म्हणाली, “आई, बाबांना हा रंग अजिबात आवडला नव्हता गं.”

“तुला कोणी सांगितलं?”

“त्यांनीच. मला म्हणाले होते, या वयात मला मोर करायला निघाली आहे. पण आईला सांगू नको, तिला वाईट वाटेल.”

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. “म्हणजे विसरून नाही,” त्या सावकाश म्हणाल्या. “मुद्दाम कोंबला लबाडाने.”

आणि त्या हसायला लागल्या. बायकोही हसायला लागली, पायरीवर बसली आणि आईच्या मांडीत डोकं घालून हसता हसता रडली. मी दोरीवरच्या लडी उलट्या करत राहिलो.

सोमवारी मेकॅनिकने तार बदलली आणि त्या आठवड्यातच सासूबाई गाडी चालवत आमच्याकडे आल्या. लोकरीचं त्यांनी काय केलं, तर स्वतःसाठी बिनबाह्यांचा स्वेटर विणला. मला वाटलं होतं माझ्यासाठी असेल, म्हणून मी विचारलंही. त्या म्हणाल्या, आजपर्यंत घरातल्या सगळ्यांना विणून घातलं, स्वतःच्या मापाचं कधी विणलंच नाही. गळ्याचं माप त्यांचं जरा चुकलं, तो थोडा मोठा झाला. पण रंग त्यांना फार शोभतो.