महाराणी हेमांबांचं वारंवार निधन

आमच्या बेहालाच्या फ्लॅटमध्ये महाराणी हेमांबा दोनदा वारल्या, आणि दोन्ही वेळा दोष आईच्या डोक्यावर आला.

हेमांबा या देवगिरीच्या यादवांच्या काळातल्या. म्हणजे इतिहासात नव्हत्याच. एका उशीएवढ्या जाड कादंबरीत होत्या. आई लग्न होऊन साताऱ्याहून कोलकात्याला आली ती अशा कादंबऱ्यांची ट्रंक घेऊन. बाबा खिदिरपूरच्या गोदीत कामाला गेले की ती दुपारभर राजवाड्यात राहायची. संध्याकाळी परत येऊन भात लावायची. वाचलेलं सगळं शेजारच्या माशीमांना (म्हणजे मावशींना) बाल्कनीतून मोडक्या बंगालीत सांगायची. माशीमांना मराठीचा गंध नाही, पण देवगिरीच्या दरबारात कोण कोणाचा मत्सर करतं हे त्यांना तोंडपाठ होतं!

बाबा गेले. मग आईचे डोळे गेले. ऑपरेशन झालं, तरी सगळं धुरकटच, अक्षर तर दिसेचना. तेव्हा मी फुशारकीने म्हणालो, "आई, मी आहे ना! रोज वाचून दाखवीन."

आता माझी अडचण ऐका. मी जन्मलो, शिकलो कोलकात्यात. माझं मराठी 'दार लाव', 'भाजी खारट झालीय' इथपर्यंत फर्डं. पण राजदरबारात शिरलं की त्याचे पाय लटपटायचे. एकेक वाक्य अर्धं पान लांब, त्यात रत्नजडित काहीतरी हमखास! त्यातून ऑफिसातून दमून आलेला, आणि खिशात मोबाइलवर मॅच चालू. मी पानं गाळायला लागलो. राजे शिकारीला निघाले की चारपाच पानं उलटून मी त्यांना थेट जेवायला बसवायचो. लढाई दोन ओळींत जिंकायचो. (यादवांचं एवढं भलं कुठल्याच सेनापतीने केलं नसेल.)

असाच उड्या मारत एका संध्याकाळी मी हेमांबांच्या मृत्यूपाशी पोचलो. आई पदराने डोळे पुसत राहिली. मीही जरा हळहळलो आणि स्कोअर बघितला.

दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोने, सुनंदाने, पुस्तकावरची धूळ झटकली. आतली खुणेची चिठ्ठी पडली, ती तिने बापडीने सापडेल त्या पानात घातली. मी संध्याकाळी तिथून सुरू केलं. नेमकी माझी गाळलेली पानं, त्यामुळे मलाही ती नवीनच!

"महाराणी हेमांबा हसत हसत झोपाळ्यावर बसल्या..."

"कोण बसली?"

"हेमांबा."

"अरे अनिल, काल तिला चंदनाच्या चितेवर ठेवली ना? मी रडले की!"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी मुळात कमी बोलणारा. खरं सांगायला चार वाक्यं लागली असती. खोट्याला एकच पुरलं.

"तुला स्वप्न पडलं असेल, आई."

"हो का?" ती म्हणाली.

आता खोटं निभवायचं म्हणजे राणीला जिवंत ठेवणं आलं. आठवडाभर ठेवली. मग पुन्हा मारली. आई पुन्हा रडली, पण या वेळी घाबरून. "हे ऐकल्यासारखं वाटतंय रे."

"छे! आजच तर गेली."

त्यानंतर घरात आमटीत मीठ दोनदा पडायला लागलं. मग त्या धास्तीने अजिबात पडेना! आई गॅस बंद करायची, दोन पावलं जायची, परत येऊन बघायची. सुनंदाने शेवटी स्वयंपाकघर स्वतःकडे घेतलं. आईने कपाटाच्या किल्ल्याही न मागता तिच्या हातात ठेवल्या. "माझा काही भरवसा नाही गं आता."

बाल्कनीतून माशीमा हाक मारायच्या, "ओ दीदी! रानीर की होलो?" राणीचं काय झालं?

आई आतूनच उत्तर द्यायची, "आमार मोने नेई गो." आठवत नाही.

हे ऐकूनही मी गप्प! शेवटी सुनंदाच डॉक्टरांकडे घेऊन गेली, मी पिशवी धरून मागे. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. आईने धडाधड सांगितलं. (मी मनातल्या मनात करत होतो, माझं शहाऐंशीला अडलं.)

"माताजी, सब तो ठीक है! भूलती क्या हैं आप?"

"डॉक्टरसाब, रानी कब मरी, वो याद नहीं रहता."

"कौन रानी? इंग्लंड की?"

"नहीं, देवगिरी की."

डॉक्टरांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि मेंदूचा स्कॅन लिहून दिला. स्कॅन स्वच्छ आला. आईला पटलं नाही. "मशीनला काय कळतंय?"

मग मात्र मला राहवेना. एका रविवारी सकाळी तिच्यासमोर बसलो. "आई, तुझं डोकं ठणठणीत आहे. मी पानं गाळत होतो. राणी खरंच आधी मेली होती. मी खोटं बोललो."

आईने माझ्या आवाजाच्या दिशेने हात पुढे केला. मग चाचपडत माझा गाल शोधला आणि हसली. "माझ्या समाधानासाठी सांगतोयस, होय? लहानपणापासून तू असाच रे. मायाळू."

"आई, देवाशपथ!"

"शपथा नको घेऊस माझ्यापायी."

त्यानंतर मी एकही पान गाळलं नाही. शिकारीसकट वाचलं, दागिन्यांसकट वाचलं. पण आई गोष्ट ऐकत नव्हती, स्वतःला तपासत होती. प्रत्येक परिच्छेदानंतर हळूच विचारायची, "हे आधी झालंय का रे?" मी नाही म्हणायचो, आणि ती मान डोलवायची, विश्वास ठेवल्यासारखी.

गेल्या पौषात ती गेली. आमच्या महाराष्ट्र मंडळातली माणसं भेटायला आली. माशीमा रडत रडत सगळ्यांना सांगत होत्या की मुलगा एवढा जीव लावणारा, आईला वाईट वाटू नये म्हणून सगळी चूक स्वतःच्या अंगावर घेत होता, दीदीनेच मला सांगितलंय! मंडळातल्या देशपांडेकाकांनी गहिवरून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. ऑफिसातून येऊन रोज वाचायचास. एक पान गाळलं नाहीस!"

मी मान खाली घातली.

"विनय बघा किती!" काका म्हणाले.

मी कमी बोलणारा माणूस. काकांना खोडून काढलं नाही. चहा पुढे केला.