आबांचा पेनड्राइव्ह

आभाळात गडगडलं की बोर्डावरच्या सगळ्या पिना उपसायच्या, हा आमच्या घरचा नियम. टीव्ही, फ्रिज, फोनचे चार्जर, सगळं. एकदा वीज पडून टीव्ही जळाला होता, तेव्हापासून आबा ताकही फुंकून पितात. त्या शनिवारी संध्याकाळी कळंबच्या घरी वळीव आला. मी गच्चीवरचं वाळवण गोळा करायला पळाले आणि खाली आबांनी एकेक पिन काढत माझ्या लॅपटॉपला लावलेला पेनड्राइव्हही काढला. त्यांच्या लेखी तीही पिनच.

आबा म्हणजे माझे वडील. ते पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुणाच्या रानात कधी सोडायचं हे बघायचं त्यांचं काम, आणि त्या कामाला लागतो तसा त्यांचा आवाज होता. त्यांनी कालव्याच्या एका चारीवरून हाक मारली की दुसऱ्या चारीवरचा माणूस खोरं खाली ठेवायचा. विहारात पौर्णिमेची वंदनाही तेच म्हणायचे, आणि स्पीकर नुसता शोभेला असायचा. फोनवर मात्र ते दोन वाक्यांच्या वर कधी गेले नाहीत. मी बारामतीला नोकरीला लागल्यापासून रोज संध्याकाळी खोलीवर पोचले की फोन करायची. माझं सांगणं अर्ध्यावर असतानाच पलीकडून "बरं, ठेव आता" यायचं. मला त्याचा फार राग यायचा. राग आमच्या घरात वारशानं येतो, जमीन त्या मानानं कमी आली.

गेल्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनच्या आधी रोजच्या बोलण्यातले शब्द रेकॉर्ड करून ठेवा, पुढं उपयोगी पडतील, असंही ते म्हणाले. मग आबा रोज मधल्या खोलीत दार लावून फोनशी काहीबाही बोलत बसायचे. आम्हाला त्यातलं काही ऐकू दिलं नाही. इंदापूरच्या एका दुकानातून त्यांनी ते सगळं पेनड्राइव्हवर घेतलं आणि तो चष्म्याच्या घरात ठेवून दिला. पुढं ऑपरेशन, रेडिएशनचा शेक, जेवणावरून रोजची भांडणं, यात तो विषय मागं पडला. मधेच भावानं त्यांचा जुना फोन देऊन मोठ्या स्क्रीनचा नवा आणला. म्हणजे आबांचा आवाज आता फक्त त्या पेनड्राइव्हमध्ये उरला होता.

आवाज गेल्यावर ते पाटीवर लिहायला लागले. माझा फोन आईच्या फोनवर यायचा. मी पोचले म्हटलं की आबा तो कानाला लावून नखानं दोनदा टकटक करायचे. ऐकलं, असा त्याचा अर्थ. मग आई बोलायची.

पौर्णिमा जवळ आली तशी विहारातल्या मंडळींनी आबांची वंदना रेकॉर्ड केलेली आहे का, असं विचारलं. आबांनी आपणहून चष्म्याचं घर उघडलं आणि पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला. माझा लॅपटॉप जुना. ऑफिसातल्या मैत्रिणीनं आधीची सिस्टीम काढून त्यात लिनक्स घातलं, म्हणून तो अजून चालतो. पेनड्राइव्ह लावला की त्याची खिडकी आपोआप उघडते, मला काही करावं लागत नाही. शनिवारीही ती उघडली होती. आत नुसत्या आकड्यांच्या नावाच्या फायली होत्या. मी पेनड्राइव्हवरच फोल्डर करून त्या ओळीनं लावत होते, मग सगळ्या कॉपी करणार होते. तेवढ्यात गडगडलं.

रात्रभर लाईट नव्हती. रविवारी सकाळी पेनड्राइव्ह लावला तर खिडकी उघडेना. काढून परत लावला. शेजारच्या भोकात लावला. लॅपटॉप बंद करून चालू केला. काही नाही. आबा खाटेवर पाटी घेऊन बसले होते. चालू पेनड्राइव्ह असा उपसतात का, म्हणून मी त्यांच्यावर ओरडले. त्यांनी आभाळाकडं बोट दाखवलं. मी आणखी ओरडले. पण समोरच्याला उत्तरच देता येत नसेल तर भांडण रंगत नाही.

भाऊ ट्रॅक्टर धुवायचं सोडून आत आला. त्याच्याकडं प्रत्येक दुखण्यावर एकच औषध असतं. "बारामतीत दुकानात दे. फारमॅट मारला की लगीच चालू व्हतोय." त्याचं खोटं नव्हतं, पेनड्राइव्ह चालू झाला असता. मी त्याला सांगितलं की फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. पाटी चांगली होते, लिहिलेलं जातं. हे ऐकून आबा उठले, त्यांनी पेनड्राइव्ह लॅपटॉपमधून उपसला आणि बंडीच्या खिशात टाकला. तो परत मिळवायला मला बऱ्याच विनवण्या कराव्या लागल्या.

भावाच्या ट्रॅक्टरच्या टेपचा एक पेनड्राइव्ह असतो, गाण्यांनी गच्च भरलेला. तो मागून घेतला आणि लावून बघितला. खिडकी ताबडतोब उघडली. म्हणजे लॅपटॉपही बरा होता आणि भोकही बरं होतं. बिघाड आबांच्या पेनड्राइव्हमध्येच होता.

लिनक्समध्ये एक काळी खिडकी असते, तिथं हुकूम लिहून द्यावे लागतात. मैत्रिणीनं शिकवलेल्यातला एक हुकूम लिहिला की लॅपटॉपला काय काय जोडलंय ते दिसतं. त्यात आबांचा पेनड्राइव्ह होता. आकारही बरोबर होता. फक्त तो कुठं उघडलाय ती जागा कोरी होती. पाहुणा दारात उभा दिसतोय आणि घरातलं कुणी त्याला या म्हणत नाही, तशातली गत. तरी मला धीर आला. निदान तो जिवंत होता.

अशा वेळी दुरुस्तीचा एक हुकूम असतो हे मला माहीत होतं. तो मी लिहूनही ठेवला होता, एंटर तेवढं दाबायचं राहिलं होतं. पण हात धजेना, म्हणून मैत्रिणीला फोन लावला. तिनं आधी लॅपटॉप काय म्हणतोय ते वाचायला सांगितलं. त्याच्या निरोपांत स्पष्ट लिहिलं होतं की हा पेनड्राइव्ह नीट बंद न करता काढलाय, त्यातला हिशेब अर्धवट आहे, म्हणून उघडत नाही. मैत्रीण म्हणाली, दुरुस्तीला आत्ता हात लावू नकोस. तो फक्त वाचण्यापुरता उघड, म्हणजे त्यावर काहीच लिहिलं जाणार नाही. सगळं आधी काढून घे, मग काय दुरुस्त करायचं ते कर. मी लिहिलेला हुकूम पुसून टाकला.

वाचण्यापुरतं उघडायचा हुकूम पहिल्यांदा लिहिला तेव्हा लॅपटॉपनं नकार दिला. पेनड्राइव्ह जिथं उघडायचा ते रिकामं फोल्डर मी केलंच नव्हतं. ते केलं आणि हुकूम परत दिला. या वेळी काही उत्तर आलं नाही. लिनक्सचं असं आहे, काम झालं की ते गप्प बसतं आणि चुकलं की बोलतं. आमच्या आबांचा स्वभाव.

मी फोल्डर उघडलं. सगळ्या फायली होत्या. त्या लॅपटॉपवर घेतल्या, भावाच्या फोनवर घेतल्या, तेव्हा जीव भांड्यात पडला. मग दुरुस्ती चालवली आणि पेनड्राइव्ह परत लावला. खिडकी आपली आपण उघडली.

पहिली फाईल वंदनेची होती. लॅपटॉपच्या एवढ्याशा स्पीकरमधून आबांचा आवाज निघाला आणि घरभर झाला. आई पिठाच्या हातानं चुलीपासून उठून आली आणि वंदना संपेपर्यंत उंबऱ्यात उभी राहिली. "लई दिसानं घरात माणूस आल्यागत वाटलं," ती म्हणाली. आबा तिच्या शेजारीच बसले होते, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही. भाऊ ट्रॅक्टरकडं निघून गेला.

मी दुसरी फाईल लावायला गेले तर आबांनी हात आडवा केला आणि पाटीवर लिहिलं, "बाकीचं माझं मी बघतो. फोनात घाल." मी सगळ्या फायली त्यांच्या फोनमध्ये घातल्या आणि त्या कशा लावायच्या ते दाखवलं. दुपारभर ते लिंबाखाली कानात वायर घालून बसले होते. एक लावायचे, ऐकायचे, डोळे बारीक करून स्क्रीन बघायचे, मग पुढची. माझ्या लॅपटॉपवर प्रती होत्या, मला कधीही ऐकता आल्या असत्या. पण आबांनी नको म्हटलं होतं.

ऊन उतरल्यावर मी स्कूटीवरून निघाले. बारामतीला खोलीवर पोचले, गाडी लावली आणि डोक्यावरचं हेल्मेटही न काढता नुसतं वर सरकवून आईला फोन केला. आबा घेतायत, असं आई म्हणाली. मी पोचले म्हणून सांगितलं आणि टकटक ऐकायला थांबले.

टकटक आली नाही. काहीतरी घासल्याचा आवाज आला, आईनं हळूच "जवळ धरा की" म्हटलेलं ऐकू आलं. आबा आपला फोन आईच्या फोनला लावून धरत होते.

"पोचलीस का? जेवून घे."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. ऑपरेशनच्या आधी, दार लावून, पुढं काय काय बोलायला लागेल याचा विचार करताना त्यांनी माझा संध्याकाळचा फोनही धरला होता. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. जिन्यानं चढणारी शेजारीण माझ्याकडं बघत वर गेली.

पलीकडं पुन्हा थोडी खुडबुड झाली.

"बरं, ठेव आता."

मला ऐकू गेलं नाही असं वाटून त्यांनी ते पुन्हा लावलं. "बरं, ठेव आता." मग आणखी एकदा.

मी फोन ठेवला नाही.