माझ्या सालची दुनळी

बाबा गेले आणि त्यांच्या मागे राहिलेल्या वस्तूंत एकच अशी होती, जी घरात ठेवायची सोय नव्हती. त्यांची बाराबोरची दुनळी बंदूक. परवाना बाबांच्या नावावर आणि बाबा नाहीत, म्हणून ती ठाण्याच्या एका बंदुकीच्या दुकानात जमा केलेली. आता दादाला ती आपल्या नावावर करून हवी होती. त्यासाठी आईची आणि माझी सही लागणार होती, आमची काही हरकत नाही म्हणून. आईने लगेच करून टाकली. मी म्हटलं, करते, घाई काय आहे.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. बंदुकीवर हक्क त्याचाच का, हे आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. तो झाला तेव्हा बाबांनी अंगणात उभं राहून हवेत दोन बार काढले होते. गावातली कुत्री दिवसभर खाटेखालून बाहेर आली नाहीत, असं आत्या हातवारे करून सांगायची. माझ्या वेळी काय केलं, असं मी लहानपणी एकदा विचारलं होतं. “तुझ्या वेळी बर्फी वाटली,” आत्या म्हणाली. “पोरीसाठी कोणी बंदूक उडवतं होय गं?” सगळे हसले. मीही हसले. पुढे त्या दोन बारांची गोष्ट दादाच्या लग्नात निघाली, त्याच्या मुलाच्या बारशातही निघाली. मी पन्नाशी ओलांडली तरी कोणी ते सांगायला लागलं की मी उठून पाणी प्यायला जायचे. राग यायचा, खरं सांगायचं तर. एवढ्याशा गोष्टीचा राग येतो, याचाही राग यायचा.

बंदूक तशी आता बिनकामाचीच. परवाना होता पीकसंरक्षणाचा. पीक म्हणजे भात, आणि आमची भाताची खाचरं पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या बाजूला इमारतींखाली गेली त्याला जमाना झाला. मिठागरातला वाटाही गेला. रानडुकरं होती तेव्हा होती. आता रक्षण करायचं तर पार्किंगचं. हे बोलून दाखवलं की दादा म्हणतो, “तू गप गं. भावना असतात माणसाच्या.” भावना नेहमी त्याच्याच असतात.

त्या दिवशी दुकानात मी गेले ती त्याने गाडीत बसवलं म्हणून. दुकानदार बोलघेवडा निघाला. “क्या मस्त रखी है, साहब,” म्हणत त्याने दुनळी काउंटरवर ठेवली आणि आम्ही आपापसात मराठी बोलतोय हे बघून मराठीवर आला. तेवढ्यात दादाचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला. दुकानदाराने नळ्यांखालचं लाकूड टिचकन सोडवलं, नळ्या वेगळ्या केल्या आणि फडक्याने पुसायला घेतल्या.

“सरकारी कारखान्यातली आहे, सुरुवातीच्या काळातली. इतकी कोरी मिळत नाही आता. शौकीन लोक जमवतात अशा. विकायची झाली तर आधी मला सांगा, मॅडम.”

“किती जुनी असेल?” मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

त्याने नळ्या उलट्या करून माझ्यासमोर धरल्या. “हे काय, साल ठोकलंय.”

माझं जन्मसाल होतं.

आधी गंमतच वाटली. “अय्या, ही माझ्याच वयाची की!” मी म्हटलं. “वाटत नाही हां,” दुकानदार म्हणाला. ते मला उद्देशून होतं की बंदुकीला, कोण जाणे. मग हळूच डोक्यात आलं, माझ्या साली बनलेली बंदूक दादाच्या जन्माला कशी उडेल? दादा तेव्हा तीन वर्षांचा घोडा होता. आणि दुसरी बंदूक आमच्या घरात कधी आलीच नाही. हीच पहिली आणि हीच शेवटची, असं बाबा मिशीवर हात फिरवून सांगायचे.

दादा आत आला तेव्हा मी त्याला ते साल दाखवलं नाही. आधी आईला विचारायचं होतं. माझ्या वेळी बंदूक घरात होती की साल तेच असूनही ती माझ्यानंतर आली, एवढंच कळायला हवं होतं. रात्रभर स्वतःला बजावलं, की फार आशा धरू नकोस बाई.

आई अजून गावातल्या आमच्या घरीच राहते. मी राहते त्या सिल्व्हर पार्कहून रिक्षा करून सकाळीच पोचले. ती सूप घेऊन जवळा निवडत बसली होती.

“आई, दादाच्या वेळी बंदूक नव्हतीच आपल्याकडे.”

तिचा हात थांबला नाही. “कोन बोल्ला?”

“बंदूकच बोलली. साल आहे तिच्यावर. माझं.”

“हां मग. तू पोटात होतीस तवा आनली.”

“मग ते बार?”

“ते तुज्या टायमाला काढलेले.”

“दोन्ही?” मी विचारलं. काय मूर्ख प्रश्न! पण तोच तोंडात आला.

“दोन्ही. सुईन भायेर जाऊन बोल्ली, पोरगी हाय, आन् ह्यांनी घेतली बंदूक. मी आत घाबरले ना! सगला गाव धावत आला, पोरगा झाला काय म्हनून. हे बोल्ले, न्हाय, पोरगी. तर काय हसली लोका! तुजा आजा बोल्ला, काडतुसा फुकट घालवलीस. हे नाक्यावर गेले की पाठून हाक, पोरीचा बार, ए पोरीचा बार! तुला कडेवर घेऊन निघायची चोरी. मग हेच बोल्ले, आता कोनी विचारला तर सांगायचा, पोराच्या टायमाला काढले. तू शालेत जाशील, तुला कोनी चिडवायला नको म्हनून.”

“आणि आत्या?”

“तिलाच पयला सांगितलेला, असाच बोलायचा.”

बाबा स्वतः ती गोष्ट कधीच सांगायचे नाहीत, हे मला तेव्हा आठवलं. आत्या सांगायची आणि ते खाली मान घालून सुपारी कातरत बसायचे. मला वाटायचं, कौतुकाने लाजतायत. मला रडू फुटलं. या वयात, जवळ्याच्या सुपासमोर बसून.

“चिडवलं असतं गं,” मी म्हटलं. “चिडवलं असतं तर चिडवलं असतं. मला चाललं असतं.”

“तवा काय म्हाईत, तू अशी निघशील,” आई म्हणाली.

दादाचा फोन आला. सही केलीस का?

“नाही. बंदूक माझ्या नावावर करायचीय.”

तो हसला. “तू काय करणार बंदूक घेऊन?”

“तू काय करणार होतास?”

“अगं, पण माझ्या जन्माला बाबांनी...”

मी फोन आईसमोर धरला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे. जवळ्याचे हात पदराला पुसले आणि तो घेतला.

“आयक,” ती म्हणाली. “ते बार हिचे हायेत.”