हंगामी मॅनेजर

एकोणीसशे साठच्या आसपास आमच्या कामशेतच्या भातगिरणीचे मालक आजारी पडले आणि पुण्याहून हंगामापुरता एक मॅनेजर आला. रोज सकाळी वळकटी बांधून दाराशी ठेवायची, ही त्याची सवय.

पहिल्याच दिवशी त्यानं मूठभर आंबेमोहर उचलला, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि हुंगला.

"यात दुसरा तांदूळ मिसळलाय. आजपासून बंद."

मिसळणारा मालकांचा मेहुणा समोरच उभा होता. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोललं कुणीच नव्हतं. मेहुण्यानं मान खाली घातली.

तुटलेली गिऱ्हाइकं परतली, मालकही बरे झाले. तो निघाला तेव्हा म्हातारे हमाल आबा कळवळून म्हणाले, "सायेब, ऱ्हावा की हितंच."

वळकटी खांद्यावर टाकत तो हसला. "राहिलो तर आबा, वर्षभरात मलाही वास येईनासा होईल."