लॉग वाचणाऱ्या गायकवाड मॅडम

कॉम्प्युटर बिघडला की गायकवाड मॅडम आधी त्याला हातच लावत नसत. खुर्ची ओढायच्या, चष्मा पुसायच्या आणि त्याचा लॉग, म्हणजे मशीननं स्वतःच लिहून ठेवलेल्या नोंदी, उघडून बसायच्या. "आधी काय झालंय ते वाच गं, मग स्क्रूड्रायव्हर काढ," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवलं. विक्रोळीच्या एका कॉलेजात त्या कॉम्प्युटर लॅबच्या प्रमुख होत्या आणि मी कंत्राटावरची लॅब असिस्टंट.

एका एप्रिलमध्ये, ऐन प्रॅक्टिकल परीक्षेत, मागच्या रांगेतली मशीन्स रखडायला लागली. दोन तर बंदच पडली. मुलांचे प्रोग्रॅम गेले, एक मुलगी रडायलाच लागली. प्राचार्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "साफसफाई करता की नुसत्या बसून असता?" माझं कंत्राट मे महिन्यात संपणार होतं. म्हटलं, लागली वाट.

परीक्षा पुढे ढकलली गेली. मॅडम लॉग वाचत बसल्या. ओळीमागून ओळ तीच नोंद: तापमान मर्यादेबाहेर, प्रोसेसरचा वेग कमी केला. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून आपणच धीमा होतो, आणि ऑपरेटिंग सिस्टिम ते तारीख-वेळेसकट लिहून ठेवते.

"पंख्यात धूळ असेल," मी पुटपुटले. त्यांनी मशीन उघडून पाहिलं. पंखा स्वच्छ होता. मग त्या नोंदी मागे मागे वाचत गेल्या आणि एका तारखेवर थांबल्या.

"याआधी एकही नोंद नाही बघ. त्या दिवशी तू रजेवर होतीस ना?"

"हो, गावी गेले होते."

"त्याच दिवशी मी मागची टेबलं भिंतीला टेकवून घेतली. जादा बाकं मावावीत म्हणून. मशीनच्या मागून निघणारी गरम हवा जाणार कुठून?"

मी म्हटलं, "मॅडम, प्राचार्यांना द्यायच्या अहवालात भिंतीमुळे झालं एवढंच लिहा ना. टेबलं कोणी हलवली ते कोण विचारतंय?"

"कोणी विचारलं नाही, तर ते तुझ्याच नावावर पडेल," त्या म्हणाल्या आणि अहवालात स्वतःचं नाव लिहून खाली सही केली.

टेबलं हातभर पुढे ओढली. फेरपरीक्षा सुरळीत पार पडली. माझं कंत्राट वाढलं. उपप्राचार्यपद मात्र, जे मॅडमनाच मिळणार असं सगळे धरून चालले होते, ते दुसऱ्याला गेलं. मी काहीतरी बोलायला म्हणून त्यांच्या टेबलाशी गेले, तर म्हणाल्या, "चहा गार होतोय, पी आधी."

गेल्या वर्षी आजारपणात मॅडम गेल्या. घरी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या मुलीनं विचारलं, "तुम्ही आईच्या लॅबमध्ये होतात ना? तिचं उपप्राचार्यपद का हुकलं हो? तिनं कधी सांगितलंच नाही."

मी खाली बसले आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं.