बाळंतिणीच्या खोलीवरचा माड

भुंगा आतून पोखरतो तेव्हा माड शेवटपर्यंत कुणाला पत्ता लागू देत नाही. रेवदंड्याच्या आमच्या वाडीतला, परसातला माड आदल्या संध्याकाळपर्यंत हिरवागार होता. वैशाखातल्या एका सकाळी त्याचा शेंडा मान मोडल्यासारखा लोंबला आणि संपलं. वाडीत माड पुष्कळ, एखादा गेल्याचं कुणी मनाला लावून घेत नसे. पण हा वाकडा वाढलेला होता, आणि वाकला होता तो थेट बाळंतिणीच्या खोलीवर. आत माझी थोरली बहीण होती, आणि तिचं चार दिवसांचं बाळ.

दुपारी खारा वारा सुटला तसं खोड कुरकुरू लागलं. एक झावळी सुटून कौलांवर आदळली. बहिणीने बाळाला जे पोटाशी धरलं ते सोडेचना. वडिलांनी नारळ पाडायला येणाऱ्या गड्याला बोलावून आणलं. त्याने कुऱ्हाडीचा दांडा खोडावर ठोकला, कान लावला आणि मागे सरला.

"मेल्या माडावर मी चढनार न्हाय," तो म्हणाला. "आन बाळंतीन आत हाय तवर कुऱ्हाडबी लावनार न्हाय."

त्याचं बरोबरच होतं. पण घरात आत्या होती. वडिलांची थोरली बहीण, ऐन तरुणपणी विधवा होऊन आमच्याकडे आलेली. तिचं म्हणणं एकच, पाचवी पुजल्याशिवाय बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही. सटवी बाळाच्या कपाळी लिहायला येते, तिला खोली मोकळी दिसता कामा नये. वडिलांनी समजावलं, आई रडली. आत्या दारात पाय पसरून बसली ती हलेना. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिला तोंडावर म्हटलं, लिहायला आधी कपाळ तरी राहू दे. आईने पाठीत धपाटा घातला, पण माझं खोटं होतं असं कुणी म्हणालं नाही. शेवटी बहीणच बाळाला घेऊन उठली. आत्याने मुकाट पाय आखडून घेतले.

बहिणीला पुढच्या अंगणात, लांब नेऊन बसवलं. गडी शेजारच्या जित्या माडावर चढला आणि तिथून फास टाकून त्याने मेल्या खोडाला दोर अडकवला. वडील आणि शेजारचे बाप्ये वाडीच्या बाजूने दोर ताणून उभे राहिले आणि बुंध्यावर घाव पडू लागले. दर घावाला खोड वरपर्यंत थरथरत होतं. सगळे कुठे आहेत म्हणून मी सहज नजर फिरवली. आत्या कुठेच नव्हती.

"आत्या आत आहे," मी ओरडले. तेवढ्यात खोड कडकडलं.

आता दोर सोडणं शक्य नव्हतं. वडिलांनी दोर हाताला आणखी एक वेढा मारून घेतला आणि अंग मागे टाकलं. खोड वाडीकडे आलं, दोन पोफळी घेऊन आडवं झालं. पण पोखरलेला शेंडा मध्येच तुटला आणि खोलीच्या कोपऱ्यावर कोसळला. कौलं आत गेली.

दार ढकललं तर धुळीत काही दिसेना. मग बाळाच्या जन्मापासून खोलीत तेवत ठेवलेला दिवा दिसला. आत्या बहिणीच्या बाजेवर बसली होती, अंगभर कौलांचा चुरा, आणि दोन्ही हातांच्या आडोशात तो दिवा. बाळाला निजवायचे त्या कोपऱ्यात कौलांचा ढीग पडला होता.

वडील तिच्या अंगावरचा चुरा झटकू लागले. "अक्का, तुला काही झालं असतं तर?"

"खोली मोकळी राहिली नाही ना," ती म्हणाली. "माझ्या वेळी राहिली होती."

आत्याला कधी मूल झालं होतं हे मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मला तिच्याकडे बघवेना. बहीण अंगणातून आली, कोपऱ्यातला ढीग तिने पाहिला, आणि बाळ आत्याच्या मांडीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पाचवी त्याच उघड्या छपराखाली पुजली. विधवा म्हणून आत्या नेहमीसारखी दाराबाहेर उभी होती. आईने तिला हाताला धरून आत आणलं आणि पूजेच्या पाटावर बसवलं.